कष्टाला तोटा नाही, झोपेचे काय?

'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पोटात भूक असली की कोंडाही गोड लागतो आणि अंग थकले की दगड उशाला घेऊनही झोप लागते, असा तिचा अर्थ. म्हणूनच जो दिवसभर राबतो त्याला झोपेची काळजी नको, असे आपण धरून चालतो. पण रोहिणखेड, मोताळा, धामणगाव बढे या घाटाखालच्या पट्ट्यात दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या मंडळींचे बोलणे ऐकावे. 'डॉक्टरसाहेब, अंग ठणकते, डोके जड राहते, कामात मन लागत नाही. एखादी सलाईन लावून द्या.' ही तक्रार बहुधा राबणाऱ्या माणसाचीच असते. म्हण खोटी नाही. पाठ टेकली की झोप लागते. परंतु पाठ टेकायला वेळ किती मिळतो आणि तो केव्हा मिळतो, हा खरा प्रश्न आहे.

विजेविना जगणारे कसे झोपतात?

पूर्वीचे लोक दिवस मावळला की झोपत आणि दहा-दहा तास झोपत, अशी समजूत आहे. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी टांझानियातील हाड्झा, नामिबियातील सान आणि बोलिव्हियातील त्सिमाने या तीन जमातींचा अभ्यास केला. शिकार, कंदमुळे किंवा थोडी शेती यावर जगणारे हे लोक. २०१५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही मंडळी सूर्यास्तानंतर साधारण तीन तासांनी झोपतात आणि बहुतेक वेळा उजाडण्यापूर्वी उठतात. अंथरुणावर सात ते साडेआठ तास असतात. त्यात प्रत्यक्ष झोप पावणेसहा ते सात तासांची असते. म्हणजे झोप काही फार लांब नाही. मात्र ती रोज ठरलेल्या वेळी लागते आणि रात्रीचा गारवा वाढत जातो तेव्हा लागते. झोप न येणे म्हणजे काय, हे सांगायला यातील दोन जमातींच्या भाषेत शब्दही नाही!

श्रमाचेही असेच आहे. हाड्झा लोक दिवसाकाठी सुमारे सव्वादोन तास मध्यम ते जोरदार श्रम करतात आणि जवळजवळ दहा तास विश्रांती घेतात. पण ही विश्रांती खुर्चीत रेलून नसते. बराच वेळ ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात, त्यामुळे पायांचे स्नायू थोडेफार कामात राहतात. चुलीपुढे, ओट्यावर उकिडवे बसण्याची आपली जुनी पद्धत याच जातीची होय. अर्थात ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हट्टाने तसे बसू नये.

वामकुक्षी आणि जग

झोप एकाच तुकड्यात घेतली पाहिजे असाही जगाचा नियम नाही. स्पेनमध्ये दुपारच्या झोपेची परंपरा आहे, जरी शहरातील नोकरदारांना ती आता फारशी साधत नाही. जपानमध्ये आगगाडीत किंवा कामाच्या ठिकाणी बसल्या बसल्या डुलकी घेणाऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. त्याच जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर सकाळच्या कवायतीचा कार्यक्रम चालत आला आहे. तरीही जपानी लोकांची रात्रीची झोप जगातील सर्वांत कमी झोपांपैकी एक समजली जाते. मेहनती राष्ट्राचीही झोपेची उधारी राहतेच.

आपल्या देशातील उदाहरण चेन्नईचे आहे. तेथील अल्प उत्पन्नाच्या कामगारांवरील एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. हे लोक आठ तास अंथरुणावर असत, पण झोप मिळे जेमतेम साडेपाच तास. उकाडा, डास आणि गोंगाट यांनी ती सारखी मोडे. त्यांची रात्रीची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढवली तरी कामात फरक पडला नाही. मात्र दुपारी कामाच्या ठिकाणी शांत जागी अर्धा तास झोपू दिले, तेव्हा काम सुधारले आणि मनही प्रसन्न राहिले. मोडकी झोप लांबवण्यापेक्षा थोडी पण शांत झोप मिळणे किती मोलाचे, हे यावरून कळते.

आपले जुने वैद्य हे जाणून होते. चरकांनी दिवसा झोपण्याची एरवी मनाई केली, पण ग्रीष्म ऋतूत आणि कामाने, ओझ्याने किंवा वाटचालीने थकलेल्यांना ती मोकळीक दिली. वैशाखात घाटाखाली पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा निंबाखाली आडवे होणारा शेतकरी आळशी नव्हे, शहाणा आहे.

आपली रात्र

आता आपल्याकडे पाहू. रब्बीत जेथे कृषिपंपाला अजून रात्रीच्या पाळीत वीज मिळते, तेथे गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी मध्यरात्री उठून थंडीत जावे लागते. मका, हरभरा उभा असला की रानडुकरे आणि रोही यांच्यापायी जागलीला जावे लागते. सकाळी पुन्हा नेहमीची कामे आहेतच. कोणी म्हणेल, युरोपातही विजेपूर्वी लोक दोन तुकड्यांत झोपत. जुन्या कागदपत्रांवरून तसे दिसते खरे. पण ते मधल्या वेळी बहुधा घरातच जागे असत. आपला शेतकरी त्या वेळी चिखलात फावडे घेऊन उभा असतो.

याची किंमत काय? आपल्या शरीरात एक घड्याळ असते. त्याचे काम पेशींत कसे चालते हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ उजेड-अंधारावर चालते; पाळी बदलली म्हणून ते एका रात्रीत बदलत नाही. १९९९ साली शिकागोत काही धडधाकट तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तर त्यांच्या शरीराची साखर पचवण्याची ताकद घटली. १९९७ च्या एका प्रयोगात सतत सतरा तास जागलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावली. आपल्याकडे वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे रात्रभर ओलित करून सकाळी मोटारसायकलवर बाजाराला निघालेला माणूस थेंबही न घेता झिंगलेला असतो.

घरातल्या बाईचे काय?

पुरुषाची जागल निदान दिसते तरी. बाईची कोणाच्या नजरेस येत नाही. सर्वांच्या आधी तिची चूल पेटते आणि सर्वांनंतर तिची पाठ टेकते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे २९९ मिनिटे, तर पुरुषांचे ९७ मिनिटे त्यात जात असल्याचे आढळले. शेतातली निंदणी, कापूस वेचणी वेगळीच. पुण्याजवळील सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना पाणी आणणे, शेतकाम अशी जड कामे अधिक होती, त्यांची बाळे लहान जन्मल्याचे त्यात दिसले. 'काम केले की बाळंतपण सुखरूप होते' असे सांगणाऱ्या सासूबाईंनी हे ध्यानात घ्यावे. हालचाल चांगली, ओझे आणि अपुरा विसावा नव्हे.

याउलट गल्ल्यावर बसणारे दुकानदार, कचेरीतील कर्मचारी आणि शिक्षक यांची गोष्ट आहे. महाराष्ट्रासह देशाच्या चार भागांतील २०१४ च्या एका मोठ्या पाहणीत निम्म्याहून अधिक प्रौढ पुरेशी हालचाल न करणारे निघाले. खेड्यातही हे प्रमाण पन्नास टक्के होते. एकाच घरात एकाला श्रम नाहीत आणि दुसरीला विसावा नाही, असे आपले चित्र आहे.

काय करता येईल?

१) प्रौढ माणसाने चोवीस तासांत सात-आठ तास अंथरुणाला द्यावेत आणि उठण्याची वेळ शक्यतो एकच ठेवावी.

२) ओलिताची किंवा जागलीची पाळी घरातल्या, शेजारच्या माणसांत वाटून घ्यावी. एकाच माणसावर रोज रात्र टाकू नये.

३) जागरण झाल्यास त्याच्या निम्मा वेळ सकाळी जेवणापूर्वी झोपावे, असे वाग्भटांनी सांगितले आहे. तो सल्ला आजही पाळण्याजोगा आहे. तोवर वाहन चालवू नये, फवारणी करू नये, थ्रेशरजवळ जाऊ नये.

४) दुपारची वामकुक्षी वीस ते तीस मिनिटांची असावी. मच्छरदाणीचा खर्च हा औषधाचाच खर्च समजावा.

५) बैठे काम करणाऱ्यांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे झपझप चालावे.

६) घरातील पुरुषांनी पाणी भरणे, अंथरुणे घालणे, जनावरांचे पाहणे यांपैकी एक तरी काम उचलावे. घरातल्या बाईला तेवढीच तासभर झोप मिळेल.

पुरेशी झोप घेऊनही थकवा जात नसेल, रात्री मोठ्याने घोरून श्वास अडत असेल किंवा तहान व लघवीचे प्रमाण वाढले असेल, तर रक्त व साखर तपासून घ्यावी. सलाईनच्या बाटलीत मीठ-पाणी किंवा साखर-पाणी असते. अपुऱ्या झोपेवर ते औषध नव्हे.