वकिलाचा ज्युनिअर सोडून जातो तेव्हा

हाताशी आलेला कारागीर कारखाना सोडून गेला की मालकाची काय तारांबळ उडते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. वकिलांच्या फर्ममध्येही हेच घडते. फरक इतकाच की तेथे झळ मालकापेक्षा अशिलाला अधिक लागते आणि तो अशील बहुधा व्यापारी असतो.

मुंबईच्या फोर्ट भागात मध्यम आकाराच्या अनेक फर्म आहेत. ना एकट्या वकिलाची कचेरी, ना शेकडो वकिलांची बडी फर्म. अशिलाशी बोलतो तो वरिष्ठ भागीदार. पण नोटिशीचा मसुदा लिहिणे, कागद लावणे, प्रकरण बोर्डावर कधी आहे ते पाहणे, पुढची तारीख टिपणे ही सारी कामे ज्युनिअरची. दोन-तीन वर्षांत तो तयार होतो आणि नेमका तेव्हाच निघतो. कोणी बड्या फर्ममध्ये, कोणी कंपनीच्या कायदा विभागात, तर कोणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेला.

कमी मोबदला हे उघड कारण आहे. बार कौन्सिलच्या नियमानुसार वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी सहसा करता येत नाही. त्यामुळे फर्ममधील ज्युनिअर कागदोपत्री नोकर नसतो. त्याला दरमहा मिळते ती फी. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये दरमहा द्यावेत असे सुचवले. ही शिफारस आहे, सक्ती नाही. (आणि २०,००० रुपयांत मुंबईत खोलीभाडे भागवून उरते किती, हा हिशेब वाचकांनीच करावा.)

पण केवळ पैशाने माणूस थांबत नाही. शागीर्दाला आपण कधीतरी उस्ताद होऊ अशी आशा हवी. १९५६ च्या कंपनी कायद्यामुळे भागीदारी संस्थेत २० हून अधिक भागीदार चालत नसत. २००८ च्या कायद्याने मर्यादित दायित्वाच्या भागीदारीची सोय झाली आणि ती अडचण टळली. तरीही घराण्याच्या फर्ममध्ये भागीदारी घरातच राहणार असे दिसले की हुशार ज्युनिअर वाट पाहत बसत नाही. आमच्या मते खरी गळती येथे आहे.

आता व्यापाऱ्याचे नुकसान पाहा. चेक परत आला की बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात. ते संपल्यावर एका महिन्यात फौजदारी तक्रार करायची. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडून माफी मिळू शकते. नोटिशीच्या उशिराला ती नाही. चेकची ३ महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत भरता येतो. तीही संपली असेल तर कलम १३८ चा रस्ता बंद. मग उरतो दिवाणी दावा. कागद ज्या ज्युनिअरच्या टेबलावर होते तो महिन्याच्या मध्यात निघून गेला आणि नव्याने फाईल उघडलीच नाही, तर हे ३० दिवस कोण मोजणार?

म्हणून तारखा स्वतः लिहून ठेवाव्यात. प्रत्येक खटल्याला १६ अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलाकडून मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या मोबाईल ॲपवर तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत दुकानात ठेवा आणि ज्युनिअर बदलला की नव्या माणसाला भेटून प्रकरण समजावून सांगा.

काही व्यापारी जाणाऱ्या ज्युनिअरच्या मागे जाऊ पाहतात. त्यात गैर काही नाही. वकील निवडण्याचा हक्क अशिलाचा आहे. मात्र वकीलपत्र कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. ते फर्मचे असेल तर नव्या वकिलाला जुन्याची संमती किंवा न्यायालयाची परवानगी लागते. फी बाकी आहे म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले आहे. बाकी फीची वसुली वकिलाने वेगळ्या मार्गाने करावी.