अर्ध्या सेकंदाचं अंतर

9 डिसेंबर 2017 च्या रात्री चाळीसगाव तालुक्यात, वरखेडे शिवारात एक बिबट्या गोळीला बळी पडला आणि गिरणाकाठची गावं बऱ्याच दिवसांनी निर्धास्त झोपली. त्याआधी बायका-मुलांसह कितीतरी माणसं बिबट्याच्या हल्ल्यात दगावली होती. ऐन कापूस वेचणीच्या हंगामात शेतात पाऊल टाकायची भीती वाटत होती. गोळी घालणारे होते हैदराबादचे शिकारी नवाब शफत अली खान. आदल्याच वर्षी बिहारमधल्या मोकामा भागात पिकं फस्त करणाऱ्या दोनशेहून अधिक नीलगायी मारण्याचं कामही त्यांनीच केलं होतं.

वरखेड्यात माणसांचा जीव वाचवायचा होता, मोकाम्यात पीक. दोन्हीकडे सरकारी परवानगी होती. पण जनावर मारायची परवानगी मिळाली म्हणजे ते कसंही मारायची मुभा मिळाली, असं नाही. मला लिहायचं आहे ते यावरच.

कायद्याचं आधी सांगतो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा काही प्राण्यांच्या शिकारीला परवाना मिळत असे. 1991 च्या दुरुस्तीने तोही बंद झाला. आज चितळ, सांबर, भेकर, काळवीट, चिंकारा यांची हौसेखातर शिकार हा सरळ गुन्हा आहे. काळवीट किंवा चिंकारा मारला तर 3 ते 7 वर्षांची कैद होऊ शकते. कलम 11 मध्ये अपवाद आहे, पण तो अरुंद आहे. पहिल्या अनुसूचीतलं जनावर माणसाच्या जिवावर उठलं किंवा बरं न होण्याइतकं जायबंदी किंवा आजारी झालं, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी, कारणं नोंदवून परवानगी देतात. तीही ते पकडता, बेशुद्ध करता किंवा दुसरीकडे हलवता येत नसेल तेव्हाच. पिकांची नासाडी करणाऱ्या रोही (म्हणजे नीलगायी) आणि रानडुकरांसाठी 2015 मध्ये राज्य शासनाने वेगळी परवाना पद्धत घालून दिली.

आता बंदुकीकडे वळू. परदेशात हरणांच्या शिकारीचे परवाने मिळतात, आणि पाचशे-सातशे मीटरवरून हरीण पाडल्याच्या फुशारक्या तिकडे पुष्कळ ऐकू येतात. गणित करून पाहा. चांगल्या रायफलीची गोळी नळीतून सेकंदाला साधारण 850 मीटर वेगाने सुटते. 300 मीटर गाठायला तिला अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो, 500 मीटरला जवळजवळ पाऊण सेकंद. संथ चालणारं हरीण अर्ध्या सेकंदात अर्धा मीटर पुढे सरकतं. हरणाच्या छातीत काळीज आणि फुप्फुसं मिळून जेमतेम वीतभर जागा असते. घोडा दाबताना नेम खांद्याच्या मागे धरलेला असतो आणि गोळी पोहोचेपर्यंत तिथे पोट आलेलं असतं. शिवाय 100 मीटरवर नेम जुळवलेली रायफल 300 मीटरवर दीड वीत तरी खाली मारते, आणि ताशी 15 किलोमीटरचा आडवा वारा गोळीला जवळपास वीतभर बाजूला नेतो. चुकीला जागा उरते कुठे?

पोटात गोळी बसलेलं जनावर लगेच मरत नाही. ते झुडपात जाऊन बसतं आणि तासन्‌तास तडफडत राहतं. म्हणून जाणता शिकारी गोळी झाडून लगेच पाठलाग करत नाही. आधी जागा पारखतो. फिकट, फेसाळ रक्त म्हणजे गोळी फुप्फुसाला लागली, जनावर जवळच पडलेलं असणार. गडद रक्त म्हणजे यकृत. हिरवट, वास मारणारे डाग दिसले की पोट. मग थांबायचं आणि माग सोडायचा नाही. जर्मनीत शिकारीची परीक्षा द्यावी लागते, आणि जखमी जनावराचा शिकवलेल्या कुत्र्यांकरवी माग काढणं हे शिकाऱ्याचं कर्तव्य मानलं जातं. माग काढायची तयारी नसेल तर गोळी झाडायचा हक्कही नाही, हे मला पूर्ण पटतं.

आपल्या मुलखात आणखी एक गोष्ट आहे. रायफलीची चुकलेली गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. गिरणेच्या खोऱ्यातली सपाट काळी रानं, मधूनमधून वस्त्या, रात्री पाणी भरणारी माणसं. गोळीच्या मागे तिला अडवणारा बांध किंवा टेकडी नसेल तर ती कुणाच्या अंगणात जाईल, कोण सांगणार? मचाणावरून, जवळून, खाली मारलेली गोळी जमिनीतच मुरते. जुन्या लोकांचं मचाण नुसतं स्वतःच्या बचावासाठी नव्हतं.

जुन्या शिकाऱ्यांवरून आठवलं, चाळीसगावजवळच्या कन्नड घाटाला आजही औट्रम घाट म्हणतात. धरणगावला भिल्ल पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम मोठा शिकारी होता. त्या काळी शिकारीचा मान मारलेल्या जनावरांच्या आकड्यावरून ठरे. मला त्यापेक्षा फासेपारध्यांची रीत मोठी वाटते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी नोंदवलं आहे की फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर पारधी ते सोडून देत. पोट शिकारीवर, तरीही हात आवरता येत होता.

हात आवरणं किती जड जातं, तेही मी पाहिलं आहे. पाटणादेवीच्या वाटेवर गौताळा अभयारण्याला लागून असलेल्या एका मक्याच्या शेतात मी एक रात्र काढली. बॅटरी, फुटका डबा आणि एक घोंगडी एवढाच सरंजाम. "रातभर जागनं पडस, भाऊ," शेतकरी म्हणाला. पहाटे तीनच्या सुमारास रोही आले. डबा वाजला, सावल्या हलल्या, आणि सकाळी मक्याच्या चार ओळी आडव्या पडलेल्या दिसल्या. त्या माणसाचा राग खोटा नव्हता, आणि त्याला प्राणिप्रेमाचं व्याख्यान द्यायची माझी हिंमत झाली नाही.

पण हाच राग पुढे कुंपणात वीज सोडतो, पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब भरतो. कुंपणातल्या विजेला रोही, शेजाऱ्याची गाय आणि शेजाऱ्याचा पोरगा यांतला फरक कळत नाही. माझ्या शेतकरी भावांनो, नुकसान झालं की त्याच दिवशी पंचनाम्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि आज रात्री कुंपणात वीज सोडू नका.