सुपारीएवढ्या डोक्याची टोपी

'टोपी घालणे' ह्या शब्दप्रयोगाचा मराठीत काय अर्थ होतो, ते वाचकांना सांगायला नको. पण गेली दोन वर्षे मी खरोखरीच लोकांच्या डोक्यांवर टोप्या घालीत आहे आणि त्यांच्यापैकी एकानेही अजून तक्रार केलेली नाही. करणार तरी कशी? ही माणसे फूटभर उंचीची, प्लॅस्टिकची. आणि डोके म्हणाल तर श्रीवर्धनच्या रोठा सुपारीएवढे!

हा उद्योग आमच्या घरात आणला तो चिरंजिवांनी. वय वर्षे एकोणीस, शिक्षण यंत्रांचे. एके दिवशी टपालाने एक खोके आले आणि त्यातून एक उघडाबोडका पुतळा निघाला. हात, पाय, मनगटे, गुडघे, सगळे वळणारे. सासूबाई चष्मा सावरीत म्हणाल्या, "अगो बाई, एवढा घोडा झाला नि बाहुल्या खेळतो?"

"आजी, ही बाहुली नाही. ह्याला ॲक्शन फिगर म्हणतात."

चिरंजिवांचा हा राग मुळीच नवा नाही, हे मला मागाहून कळले. अमेरिकेत १९५९ साली बार्बी नावाची बाहुली आली. तिच्यापेक्षा तिचे कपडे विकण्यात अधिक नफा, हे चतुर व्यापाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले. मग असलेच काही मुलग्यांसाठी का काढू नये? पण 'बाहुली' म्हटले की मुलगे नाक मुरडणार आणि त्यांचे वडील तर खिशात हातच घालणार नाहीत. म्हणून १९६४ साली हासब्रो कंपनीने 'जी. आय. जो' नावाचा फूटभर उंचीचा सैनिक बाजारात आणला, तेव्हा त्याला बाहुली म्हणायचे नाही असा दंडकच घातला. एकवीस हलते भाग अशी त्याची जाहिरात होती. नाव बदलले आणि खेळणे धडाक्याने खपले. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, विलायतेत त्याचा 'ॲक्शन मॅन' झाला. पुढे ही माणसे आखडत आखडत पावणेचार इंचांवर आली. आपल्याकडे फनस्कूलने काढलेले जी. आय. जो ह्याच लहान मापाचे. आज चाळिशीत असलेल्या पुष्कळ गृहस्थांच्या माळ्यावर एखादा हात तुटलेला वीर अजून सापडेल.

त्या पावणेचार इंची वीरांना शिवलेली टोपी घालताच येत नाही. त्यांची टोपी एम-सीलची. नळ गळला की आपण लावतो तेच. दोन काड्या एकत्र मळायच्या, डोक्यावर थापायच्या आणि घट्ट व्हायच्या आत दाताच्या कोरणीने कडा कोरायच्या. पण फूटभर माणसाला खरे कापड लागते. हौशी मंडळी नुसते धड विकत घेतात, त्यावर हवे ते डोके बसवतात आणि कपडे स्वतः शिवतात. सदरा, विजार, कोट, सगळे कसेबसे जमते. अडते ते टोपीपाशी. कोटाची बाही जरा चुकली तर हात वाकवून लपविता येते. पण टोपी चेहऱ्याच्या अगदी वर बसते. ती चुकली की माणूसच चुकतो.

वर्षानुवर्षे मी झबली-टोपडी शिवली आहेत, गोकुळअष्टमीला बाळकृष्णाची कुंचीही दरसाल शिवते. तेव्हा वाटले, ह्यात काय मोठे? हिशेबही सोपा. हा माणूस खऱ्या माणसाच्या सहावा हिस्सा. खरे डोके बावीस इंच, तर ह्याचे साडेतीन इंचांहून किंचित जास्त. पहिली साहेबी हॅट करायला घेतली. दुकानात मिळणारे रंगीत फेल्ट आणले, गरम पाण्यात भिजविले, साच्यावर ओढले आणि दुसऱ्या दिवशी पाहते तो ते पुन्हा सपाट! ते फेल्ट होते बनावट धाग्याचे. लोकरीचेच फेल्ट वाफेने मऊ होते आणि वाळताना दिलेला आकार धरून ठेवते. टोपीवाले शतकानुशतके लाकडी ठोकळ्यावर हेच करीत आले आहेत. मग ह्यांच्या जुन्या, कसरीने खाल्लेल्या लोकरी मफलरीचा शाबूत तुकडा घेतला. तो मुद्दाम कढत पाण्यात साबण लावून चोळला, म्हणजे आटून दाट झाला. पुतळ्याच्या डोक्यावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून वर एम-सील थापले की साचा तयार. त्यावर तो तुकडा ओला असतानाच ओढायचा, काठाच्या जागी दोरा घट्ट बांधायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा. कडकपणासाठी मी साबुदाण्याची खळ दिली. हॅट झकास झाली. चौथ्या दिवशी सकाळी तिचा अर्धा काठ झुरळांनी फस्त केला होता! तेव्हापासून खळ बंद. आतल्या बाजूने पाणी घातलेला फेविकॉल.

फेट्याची गंमत आणखी निराळी. चिरंजिवांच्या एका मित्राला आपल्या पुतळ्यासाठी कोल्हापुरी फेटा हवा होता. आठ मीटरांचा सहावा हिस्सा म्हणजे सव्वा मीटरांहून जास्त, रुंदीही त्याच मानाने. मी प्रामाणिकपणे तेवढे कापड कापून बांधू लागले, तो डोक्यावर भोपळा! चिरंजीव हसून लोटपोट. मग त्यांनी कागदावर आकडे मांडून दाखविले. लांबी सहावा हिस्सा झाली, रुंदी सहावा हिस्सा झाली, पण कापडाची जाडी? ती तेवढीच राहिली. म्हणजे फेट्याचा भार हवा त्याच्या सहापट झाला. शेवटी जुन्या मलमलीच्या ओढणीची हातभर लांब आणि चार बोटे रुंद पट्टी पुरली. त्या मानाने पुणेरी पगडी सोपी, कारण ती रोज बांधायची वस्तूच नव्हे. तिला घडवून ठेवलेला आकार असतो. कागदाच्या लगद्याचा गाभा केला आणि त्यावर पट्ट्या चिकटविल्या की काम भागते.

जाडीचा हा धडा मी फेट्यावरून शिकले असते तर बरे झाले असते. पण फेटा नंतरचा. त्याआधी माझ्या हातून जे घडले ते लिहिताना आजही हात अडखळतो.

चिरंजिवांनी तो पहिला पुतळा कशासाठी मागविला होता, हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. आमचे मामंजी रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. निवृत्त होईतो, आणि नंतरही, काळ्या टोपीवाचून ते उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. २०११ साली ते गेले. नातवाला ते जेमतेम आठवतात. छायाचित्रांवरून त्याने एका मित्राच्या यंत्रावर आजोबांचे डोके करून घेतले होते, आणि काय सांगू, हुबेहूब! लांब कोट, धोतर मी शिवले. उरली टोपी. तिला खऱ्या टोपीचेच कापड हवे, असे त्याच्या मनाने घेतले, आणि माझ्याही.

ती टोपी सासूबाईंच्या कपाटात मलमलीत गुंडाळलेली असे. त्या दुपारी त्या कीर्तनाला गेल्या होत्या. मागच्या बाजूचा, दिसणार नाही एवढासा तुकडा घ्यावा म्हणून मी कात्री लावली. विचारले नाही. विचारले असते तर नाही म्हणाल्या असत्या, ही भीती होती, दुसरे काय! तुकडा मापाने कापला, दुमडला, आणि माझ्या लक्षात आले की तो दुमडतच नाही. दोन मिलिमीटर जाडीचे ते कापड ह्या माणसाच्या डोक्यावर बारा मिलिमीटरांचे झाले होते. टोपी नव्हे, उशी! आणि खऱ्या टोपीला दोन बोटे रुंद खिंडार.

सासूबाईंनी ते त्याच संध्याकाळी पाहिले. ओरडल्या असत्या तर बरे वाटले असते. तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. जेवताना वाढलेले मुकाट्याने जेवत आणि उठत. चिरंजिवांनी पुतळा खोक्यात घालून पलंगाखाली सारला.

चौथ्या दिवशी दुपारी त्या माझ्या शिलाईच्या यंत्रापाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात टोपी. "उलटी कर," म्हणाल्या. मी केली. आत घामाने तपकिरी पडलेले काळे अस्तर. "हे पातळ आहे. बाळकृष्णाचं टोपडं मी नेहमी अस्तराच्या कापडाचं करते, ठाऊक नाही तुला? आणि वरचं भोक माझ्यासमोर शिवायचं."

आधी भोक शिवले. दीड तास लागला, त्या समोर बसून होत्या. मग अस्तर उसवले. दोन बाजूंचे दोन तुकडे आणि माथ्याची लांबट पट्टी, टोपीची उंची पाऊण इंचाच्याही आत. एवढ्याशा जागेत टाक्यांची गर्दी दिसू नये म्हणून आतल्या कडा चिकटविल्या. बाहेरून बारा नंबरच्या सुईने सगळे मिळून अठ्ठावीस टाके. आत पोस्टकार्डाची पट्टी सरकविली. डोक्यावर ठेवली, ती चपखल बसली.

चिरंजीव पुतळा घेऊन आजीपुढे गेले. सासूबाईंनी तो हातात घेतला, खिडकीशी उजेडात नेला, कितीतरी वेळ पाहिला. मग करंगळीच्या नखाने टोपी हळूच मागे सारली, इतकी की कपाळ उघडे पडले.

"खिडकीवर गर्दी झाली की असं करायचे," त्या म्हणाल्या.

यंदाच्या दिवाळीत चिरंजिवांनी गच्चीवर किल्ला केला आहे. कुंभारवाड्यातून आणलेल्या मावळ्यांच्या पगड्या साच्यातच ओतलेल्या, त्यामुळे मला तेथे काही काम नाही. मामंजी किल्ल्यावर नाहीत. ते सासूबाईंच्या कपाटात आहेत, खऱ्या टोपीच्या शेजारी, आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला.