मेटॅलिका : पहिल्या चार ध्वनिमुद्रिका

संगीत म्हटलें कीं आपल्या मनांत प्रथम माधुर्याची कल्पना येते. जें कानाला गोड लागत नाहीं तें संगीतच नव्हे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. आज ज्या संगीताविषयीं मला चार शब्द सांगावयाचे आहेत, तें या कसोटीला मुळींच उतरणार नाहीं. तें गोड नाहीं, आणि गोड होण्याची त्याला इच्छाहि नाहीं. त्याचें नांव थ्रॅश मेटल. 'थ्रॅश' या इंग्रजी शब्दाचा अर्थ झोडपणें असा आहे. परंतु शेतकरीहि खळ्यावर भाताचे भारे झोडपतो. तो रागानें नव्हे, तर दाणे मोकळे व्हावे म्हणून. या झोडपण्यांतून कोणते दाणे हातीं लागतात, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

उदाहरणादाखल मी मेटॅलिका हा अमेरिकन बँड घेतला आहे, आणि त्याच्याहि फक्त पहिल्या चार ध्वनिमुद्रिका. निवडीचें कारण साधें आहे. शाळेंत मुलांना शिकवीत असतां आणि आतां निवृत्तीनंतरहि मी त्या पुनःपुन्हां ऐकत आलों आहें. त्या कंटाळवाण्या झाल्या नाहींत, हा माझा अनुभव. ज्या तरुणांनीं त्या रचल्या ते जवळजवळ माझ्याच वयाचे. त्या काळीं मात्र ते विशीच्या अलीकडचे-पलीकडचे होते, म्हणून त्यांचा उल्लेख मी एकेरीच करणार आहें.

लार्स उलरिक हा डेन्मार्कमधील नामांकित टेनिसपटू टोर्बेन उलरिक यांचा मुलगा. टेनिसच्या शिक्षणासाठीं तो अमेरिकेंत आला, परंतु त्याचें मन रॅकेटपेक्षां ड्रममध्यें अधिक रमलें. १९८१ सालीं लॉस एंजेलिस येथें त्यानें वृत्तपत्रांत जाहिरात देऊन सोबती शोधले; त्यांतून जेम्स हेटफील्ड हा गिटार वाजविणारा व गाणारा तरुण त्याला भेटला. दोघांचाहि जन्म १९६३ चा. इंग्लंडमध्यें त्या सुमारास हेवी मेटल संगीताची जी नवी लाट उठली होती, तिचे दोघेहि भक्त होते. त्या संगीताच्या भक्कम बांधणीला त्यांनीं पंक संगीताचा बेफाम वेग जोडला. थ्रॅश मेटलचा जन्म तो हाच. स्लेअर, ॲन्थ्रॅक्स, मेगाडेथ या बँडांनींहि त्याच काळांत हाच मार्ग चोखाळला.

आतां हें वाजवितात कसें, तें समजून घेतलें पाहिजे. कारण तें कळलें म्हणजे अर्धा गोंगाट आपोआप नाहींसा होतो. ध्वनिवर्धकाला त्याच्या कुवतीबाहेर जोर दिला म्हणजे गिटारचा स्वर फाटतो व खरखरीत होतो. असा फाटका स्वर अनेक स्वरांचा मेळ सहन करीत नाहीं. सारें गढूळ होऊन जातें. म्हणून हे वादक बहुधा दोनच स्वर एकदम छेडतात, षड्ज आणि पंचम. आपल्या तंबोऱ्याचा भक्कम पायाहि याच दोन स्वरांवर उभा असतो, हें श्रोत्यांच्या लक्षांत येईल. दुसरी गोष्ट हाताची. उजव्या तळहाताची कड घोडीजवळ तारांवर हलकेच टेकवून नखीनें आघात केला, तर स्वर लांबत नाहीं, जागच्या जागीं आवळला जातो. असे आवळलेले आघात, आणि तेहि वरून खालींच, मिनिटामागून मिनिट न चुकतां करणें हें हेटफील्डच्या उजव्या हाताचें वैशिष्ट्य. जोडीला ड्रमवाला दोन्ही पायांनीं मोठे ढोल चालवीत असतो. यांत कोणाचा हात क्षणभर मागें राहिला कीं सारी इमारत कोसळते. गोंगाट वाटतो तो हा. आणि आंत पाहावें तर लष्करी कवाईत!

पहिली ध्वनिमुद्रिका निघण्यापूर्वीं या मंडळींची कीर्ति पसरली ती १९८२ च्या एका कॅसेटमुळें. तींत सात गाणीं होतीं. रसिकांनीं ती एकमेकांस टपालानें पाठवावी, घेणाऱ्यानें तिची नक्कल करून पुढें धाडावी, असा क्रम चालला. आपल्याकडे पूर्वीं पोथ्या उतरवून घेत, तशांतला हा प्रकार. अशी एक कॅसेट न्यू जर्सींत ध्वनिमुद्रिकांचा ठेला चालविणाऱ्या जॉन व मार्शा झझुला या दांपत्याच्या कानीं पडली. कोणतीहि कंपनी या पोरांना जवळ करीना, तेव्हां त्यांनीं मेगाफोर्स नांवाची स्वतःचीच कंपनी काढली. एप्रिल १९८३ मध्यें मंडळी न्यूयॉर्कला आली. तेथें, मद्यपान व भांडखोरपणा या कारणांवरून डेव्ह मस्टेन या गिटारवादकास काढून टाकण्यांत आलें. त्यानें पुढें मेगाडेथ हा बँड काढून स्वतःचें नांव केलें. त्याच्या जागीं कर्क हॅमेट आला.

'किल एम ऑल' ही पहिली ध्वनिमुद्रिका २५ जुलै १९८३ रोजीं निघाली. गाणीं दहा, अवधि सुमारें ५१ मिनिटें. विषय काय? बहुतेक गाण्यांत स्वतःच्याच संगीताचा गौरव, मारामारीची भाषा, रस्त्यावरची बढाई. वीस वर्षांच्या मुलांकडे सांगण्यासारखें याहून अधिक काय असणार? परंतु त्या उत्साहांत खोटेपणा नाहीं. या बढाईमध्येंच क्लिफ बर्टन याचें एकट्याचें बेस गिटारवादन आहे. बेस म्हणजे सर्वांच्या मागें राहून ताल-स्वरांना आधार देणारें वाद्य. बर्टननें तें पुढें आणून त्यावर स्वतंत्र आलापी केली. या बर्टनकडे नीट लक्ष द्यावें. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांतला. आपल्याला घ्यावयाचें असेल तर सर्वांनीं आपल्याच गांवीं यावें, ही त्याची अट होती, आणि मंडळींनीं ती मान्य करून बिऱ्हाड हलविलें. त्याचा संगीताचा अभ्यास इतरांहून खोल होता, आणि योहान सेबास्टियन बाख याच्या रचनांवर त्याचें प्रेम होतें.

बर्टनच्या सहवासाचें फळ एका वर्षांतच दिसलें. 'राइड द लाइटनिंग' ही दुसरी ध्वनिमुद्रिका डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें फ्लेमिंग रासमुसेन याच्या देखरेखीखालीं तयार झाली व २७ जुलै १९८४ रोजीं प्रसिद्ध झाली. विजेवर स्वार होणें याचा अर्थ येथें विजेच्या खुर्चींत देहान्त शिक्षा भोगणें असा आहे. गाणीं आठच, परंतु पहिल्याच गाण्याचा आरंभ मृदु, निर्मळ गिटारनें होतो, आणि मग एकाएकीं वादळ सुटतें. विषयहि पालटले. अणुयुद्ध, निरपराध कैद्याची भीति, हेमिंग्वेच्या १९४० सालच्या कादंबरींतील युद्धप्रसंग, बायबलांत वर्णिलेली मिसर देशावरची संकटें, हे सर्व आठ गाण्यांत आलें. हेमिंग्वेच्या कादंबरीचें नांव घेतलेल्या गाण्यांत घंटेनंतर जो करवती स्वर ऐकूं येतो तो अनेकांना गिटारचा वाटतो. वस्तुतः तो बर्टनचा बेस आहे.

याच ध्वनिमुद्रिकेंत 'फेड टु ब्लॅक' हें संथ गाणें आहे. १९८४ च्या जानेवारींत बोस्टन येथें मंडळींचें सामान चोरीस गेलें, त्यांत हेटफील्डचा आवडता ध्वनिवर्धकहि गेला. त्या खिन्नतेंत हें गाणें लिहिलें गेलें. जगण्याची इच्छा गमावलेल्या माणसाचे उद्गार त्यांत आहेत. वेगाच्या चाहत्यांना तें रुचलें नाहीं. या मंडळींनीं आपला मार्ग सोडला, अशी ओरड झाली. वडील माणसांना तर अशा गाण्याची भीतीच वाटावी. मात्र हेटफील्डनें पुढें सांगितलें कीं, या गाण्यानें आम्हांला धीर आला अशीं मुलांचीं शेंकडों पत्रें आपल्याकडे आलीं. शिक्षक म्हणून मला यांत आश्चर्य वाटत नाहीं. जो मुलगा आपलें दुःख बोलून दाखवूं शकत नाहीं, त्याला तें दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयास मिळालें तर आपण एकटे नाहीं एवढें तरी समजतें. गाणें हा कांहीं उपाय नव्हे. अशा मुलाला जवळचें माणूस व योग्य मदत मिळालीच पाहिजे. पण त्याच्या खोलींतून येणारा तो सूर आपण ऐकला, तर ती मदत लवकर मिळण्याचा संभव आहे.

तिसरी ध्वनिमुद्रिका 'मास्टर ऑफ पपेट्स', म्हणजे कळसूत्री बाहुल्यांचा सूत्रधार. ही ३ मार्च १९८६ रोजीं निघाली. माझ्या मतें चौघींत हीच श्रेष्ठ, कारण हिच्यांतील बहुतेक गाणीं एकाच प्रश्नाभोंवतीं फिरतात: माणसाच्या दोऱ्या कोणाच्या हातांत आहेत? मुख्य गाण्यांत खुद्द अमली पदार्थच बोलतो. आपल्या गुलामाला तो आपली सत्ता समजावून सांगतो. दुसऱ्या एका गाण्यांत सेनापतीच्या हातांतील शिपाई आहे, तिसऱ्यांत वेड्यांच्या इस्पितळांत कोंडलेला रोगी, चौथ्यांत भाविकांकडून पैसा उकळणारा धर्मोपदेशक. वेष्टनावरचें चित्रहि तेंच सांगतें. ओळीनें पांढरे क्रूस उभे आहेत आणि प्रत्येकाला बांधलेली दोरी वर आकाशांतल्या दोन हातांत गेली आहे.

मुख्य गाणें साडेआठ मिनिटांहून थोडें मोठें आहे. त्याची लय मिनिटाला दोनशेंहून अधिक मात्रांची. तें ऐकतांना एक गंमत करून पाहावी. गायन सुरू असतां हातानें ताल धरावा. तीन आवर्तनें नीट जातात आणि चौथें तोकडें निघतें. आपला हात चुकतो, जणूं कोणीतरी दोरीला हिसका दिला. व्यसनाचें वर्णन शब्दांनीं पुष्कळांनीं केलें आहे. येथें तें तालांत केलेलें आहे. गाण्याच्या मध्यावर सारा वेग थांबून एक करुण, संथ भाग येतो, आणि त्यांतील पहिलें एकल वादन नेहमींच्या हॅमेटऐवजीं हेटफील्ड स्वतः करतो. पुढें 'ओरायन' ही शब्दांवांचूनची रचना आहे. तींत बर्टनची सारी विद्या एकवटली आहे. चित्रफितीचें साहाय्य नसतां ही ध्वनिमुद्रिका अमेरिकेंतील खपाच्या यादींत २९ व्या क्रमांकापर्यंत चढली. तेथील लायब्ररी ऑफ काँग्रेसनें जतन करण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादींत तिचा समावेश केल्याचें २०१६ सालीं जाहीर केलें. या जातीच्या संगीतापैकीं हा मान मिळविणारी ती पहिलीच.

परंतु ती निघाल्यास सात महिनेहि झाले नव्हते. २७ सप्टेंबर १९८६ रोजीं पहांटे स्वीडनमध्यें मंडळींची बस रस्त्यावरून घसरून उलटली. झोपेंत असलेला बर्टन बाहेर फेंकला जाऊन बसखालीं सांपडला. वय अवघें २४.

बँड मोडला नाहीं. थोड्याच दिवसांत जेसन न्यूस्टेड हा नवा बेसवादक आला, आणि १९८८ सालीं 'अँड जस्टिस फॉर ऑल' ही चौथी ध्वनिमुद्रिका निघाली. वेष्टनावर न्यायदेवता दोरांनीं जखडलेली आहे व तिच्या तराजूंत पैसा पडला आहे. नऊ गाणीं, ६५ मिनिटें. रचना लांब, कोरड्या व गुंतागुंतीच्या. हिच्याविषयीं रसिकांत आजहि वाद आहे, तो असा कीं न्यूस्टेडचा बेस जवळजवळ ऐकूंच येत नाहीं. आवाजांचें मिश्रण करणाऱ्या तंत्रज्ञानें पुढें सांगितलें कीं, उलरिकच्या आग्रहावरून तो खालीं आणावा लागला. न्यूस्टेडवर हा अन्याय झाला हें खरें. न्यायाविषयींच्या ध्वनिमुद्रिकेंत तो व्हावा, हें तर अधिकच विपरीत. पण मला मात्र ती ऐकतांना घरांतील कर्त्या माणसाच्या मागें रिकामी ठेवलेली खुर्ची दिसते. बर्टननें मागें ठेवलेल्या सुरावटींवरून रचलेली एक रचनाहि तींत आहे.

याच ध्वनिमुद्रिकेंतील 'वन' हें गाणें डाल्टन ट्रंबो याच्या १९३९ सालच्या कादंबरीवर आधारलेलें आहे. पहिल्या महायुद्धांत हातपाय, डोळे, कान आणि वाचा गमावलेला सैनिक; जिवंत आहे, पण तें कोणाला सांगतां येत नाहीं. गाणें हलकेच सुरू होतें आणि शेवटीं ड्रमचे आघात यंत्रतोफेप्रमाणें कडाडतात. या गाण्याला १९९० सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें. 'किल एम ऑल'मधील बढाईखोर मुलगा पांच वर्षांत या सैनिकाच्या उशाशीं येऊन बसला. चारी ध्वनिमुद्रिकांचा प्रवास एका वाक्यांत सांगावयाचा तर तो हा. १९९१ नंतर मंडळींनीं गाणीं आंखूड केलीं, वेग कमी केला व अफाट लोकप्रियता मिळविली. ३० ऑक्टोबर २०११ रोजीं बंगळूर येथें त्यांचा जलसा झाला, त्यापूर्वींच आपल्या देशांतहि त्यांचे चाहते पुष्कळ झाले होते.

ज्या श्रोत्यांना हें संगीत ऐकून पाहण्याची इच्छा होईल, त्यांनीं एकदम पहिल्या ध्वनिमुद्रिकेस हात घालूं नये. 'ओरायन'नें आरंभ करावा, नंतर 'फेड टु ब्लॅक' व 'वन' ऐकावीं, आणि वेगाची संवय झाल्यावर 'मास्टर ऑफ पपेट्स'कडे वळावें. आवाज बेताचा ठेवावा. कानांचे पडदे पुन्हां मिळत नाहींत. शब्द समोर ठेवावे. आणि घरांत कोणी तरुण मुलगा किंवा मुलगी दार लावून हें ऐकत असेल, तर दारावर थाप मारून आवाज कमी करावयास सांगण्यापूर्वीं, गाणें कशाविषयीं आहे एवढें विचारावें. उत्तर लांबलचक मिळण्याचा संभव आहे. तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.