उरलेला रस्सा, दारातली कण्हेर आणि आपला कुत्रा

रात्रीचा उरलेला रस्सा-भात दारातल्या कुत्र्याला घालायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. त्यामागे माया असते. पण आपल्याला पचते ते सगळे कुत्र्याला पचत नाही, हे वस्तीत आरोग्याचे काम करताना आम्हाला वारंवार सांगावे लागते.

पहिला धोका कांदा-लसणाचा. कच्चे असोत, शिजवलेले की वाळवलेले, त्यांच्यामुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. दहा किलोच्या कुत्र्याला १५० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मध्यम कांदे बाधू शकतात. रोज थोडे थोडे पोटात गेले तरी अपाय होतो. लक्षणे बहुधा काही दिवसांनी दिसतात: हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर होते, धाप लागते. तोवर रस्सा कुणाच्या लक्षातही नसतो. म्हणून कुत्र्याचा घास फोडणी-मसाल्याआधीच बाजूला काढावा.

द्राक्षे आणि मनुका यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही, म्हणून एकही देऊ नये. चॉकलेट जितके काळे आणि कडू, तितके हृदयाला घातक.

आता झाडे. कण्हेर, पांढरी-गुलाबी असो वा पिवळी, पानाफुलांपासून बीपर्यंत विषारी. तिचा परिणाम हृदयावर होतो. कुंडीतल्या सायकसच्या बिया यकृत बिघडवतात. एरंडाची बी चावली गेली तर जिवावर बेतते. खत म्हणून घातलेली एरंडीची पेंड तर कुत्री वासाने उकरून खातात. झाडे तोडायला नकोत. छाटलेल्या फांद्या आणि गळलेल्या बिया तेवढ्या उचलाव्यात.

उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजणारे आम्ही पाहिले आहेत. तसे मुळीच करू नका. अंगात मीठ वाढून झटके येतात. उलटी करवायची की नाही, हे पशुवैद्यक ठरवतील.

विषबाधेचा रुग्ण आला की वॉर्डात आम्ही आधी विचारायचो: काय खाल्ले, किती, कधी? इथेही तेच सांगायचे असते. उरलेले पान, बी किंवा वेष्टन सोबत घ्या आणि लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. दवाखाना लांब असेल तर १९६२ या पशुआरोग्य सेवेच्या टोल फ्री क्रमांकावर विचारा. मुक्या जिवाला काय झाले ते सांगता येत नाही; ते आपणच सांगायचे.