पत्र्याखालचं वायफाय

हमरापूर, जोहे, तांबडशेत ही पेणच्या गणपतींची गावं. इथला कारखाना म्हणजे बहुधा पत्र्याची लांबलचक शेड. मूर्तीची आखणी झाली की फोटो पुण्याच्या नाहीतर थेट अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला जातो, त्यामुळे नेट हवंच. वायफायचा डबा मात्र दाराशी, मीटरच्या वर बसतो, कारण केबलवाल्याची तार तिथेच संपलेली असते. मग शेडच्या दुसऱ्या टोकाला रेंज नाही म्हणून प्लॅन वाढवला जातो. शंभर एमबीपीएसचे दोनशे होतात आणि त्या टोकाला व्हिडिओ पूर्वीसारखाच अडकतो. जास्तीचे पैसे तारेतल्या वेगाचे. अडचण तार संपल्यानंतरच्या चाळीस-पन्नास फुटांत असते.

वायफाय म्हणजे रेडिओच. २.४ गिगाहर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची सहा. पहिली भिंतीपलीकडे बरी पोचते, दुसरी वेगवान पण लवकर दमते. लाकडी दार किंवा विटांची पातळ भिंत थोडंच अडवते. सळया घातलेला स्लॅब पुष्कळ अडवतो, आणि पत्रा तर लाट जवळजवळ सगळीच परतवून लावतो. पाणी ती शोषून घेतं. म्हणून भरलेली टाकी, ओल्या शाडूचा ढीग, इतकंच काय, गिऱ्हाइकांची गर्दीसुद्धा सिग्नल खाते. शेड रिकामी असताना चाललेलं नेट श्रावणात कुरकुरतं, त्यात दरवेळी कंपनीचा दोष नसतो.

फोनवरच्या त्या तीन-चार काड्यांवर विसंबू नये. वायफाय तपासणारं एखादं फुकट ॲप सिग्नलचा खरा आकडा दाखवतं. तो उणे असतो, एकक डीबीएम. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला वायफायची खूण दिसते पण काम होत नाही. गंमत अशी की दहा अंक उतरले की ताकद दहावा हिस्सा उरते; उणे ६० आणि उणे ७० मध्ये दहापटीचं अंतर. शिवाय फोनचा आवाज डब्यापेक्षा क्षीण. डब्याचं फोनला ऐकू येतं, फोनचं उत्तर डब्यापर्यंत पोचत नाही.

रोह्यात, नव्या इमारतींमध्ये, दुखणं वेगळं. तिथे ताकद भरपूर, पण शेजारपाजारचे डबे एकाच पट्ट्यात बोलतात. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. त्यातला कमी गर्दीचा निवडावा, जवळच्या उपकरणांना ५ वर न्यावं. शेडसाठी मात्र माझं मत ठाम आहे. रिपीटरच्या नादी लागू नये. तो बहुतेकदा निम्मा वेग स्वतःच खातो. लॅनची तार मधोमध ओढून दुसरा डबा उंचावर टांगावा.

आता वायफायचं कुलूप, म्हणजे सुरक्षा. पेणहून मुंबईला जाताना सानपाडा लागतं. २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीचा मेल गेला तो तिथल्या एका परदेशी रहिवाशाच्या उघड्या वायफायवरून, आणि पोलीस आधी पोचले त्याच्याच दारात. नंतरच्या एका मेलसाठी माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं नेटवर्क वापरलं गेलं.

आज उघडं वायफाय क्वचितच दिसतं. कच्चं कुलूप मात्र घरोघरी. डब्याच्या सेटिंगमध्ये कुलपाचा प्रकार म्हणून डब्ल्यूपीए२ किंवा २०१८ पासूनचं डब्ल्यूपीए३ निवडावं. जुनं डब्ल्यूईपी २००१ मध्येच फुटलं. पासवर्डशिवाय जोडणी करून देणारं डब्ल्यूपीएस बंद ठेवावं. पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर नको: तो पाटीवर छापलेला असतो, आणि नसला तरी दहा आकडी नंबर संगणक भराभर ताडून पाहतो. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द सलग लिहिले तर लक्षातही राहतात. डब्याच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, तो बऱ्याचदा 'ॲडमिन'च राहिलेला असतो, तोही बदलावा.

भाद्रपदाच्या तोंडावर वायफाय मागणारे वाढतात. त्यांच्यासाठी 'गेस्ट' नेटवर्क सुरू करावं, म्हणजे ते नेट वापरतील पण बिलांच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणार नाहीत. मुख्य पासवर्ड बदलाल तेव्हा सीसीटीव्हीच्या वायफाय कॅमेऱ्यातही नवा भरा, नाहीतर तो गुपचूप बंद पडतो आणि मूर्ती हलवताना कोणाचा धक्का लागला हे शोधायला गेल्यावरच ते कळतं.