वयानें थोरली नायिका

कथा-कादंबऱ्यांतील नायिका किती वर्षांची असावी, याविषयींचा लेखकांचा एक अलिखित नियम फार जुना आहे. ती सोळा-अठरा वर्षांची असावी, फार तर विशीची. आणि नायक तिच्याहून चार-सहा वर्षांनीं मोठा, चार बुकें अधिक शिकलेला व चार पावसाळे अधिक पाहिलेला असावा. हा नियम आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो कोणी मोडला म्हणजेच त्याचें अस्तित्व जाणवतें. चीन देशांत तो मोडणाऱ्या दूरचित्रवाणी-मालिका गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ निघाल्या. अशा प्रेमास तेथें 'ताई-भाऊ प्रेम' अशा अर्थाचा एक रूढ शब्दच आहे. त्यांपैकीं एका मालिकेचा परामर्श येथें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

'पुढचें स्थानक सुख' असा तिच्या चिनी नांवाचा अर्थ. हूनान प्रांताच्या दूरचित्रवाणीवर ती २६ जानेवारी २०२० पासून दाखविली गेली. तो चिनी नववर्षाचा दुसरा दिवस; साथीमुळें वूहान शहर बंद होऊन तीनच दिवस झाले होते, आणि कुटुंबेंच्या कुटुंबें घरांत बसून होतीं. मालिकेचे भाग ४१. पुढें नेटफ्लिक्सवरून ती परदेशींही पोंचली.

कथानक थोडक्यांत असें: फानशिंग ही बत्तीस वर्षांची अविवाहित स्त्री एक लहानशी रचनाकार-संस्था चालविते. तिच्या कचेरींत युआन सोंग नांवाचा बावीस वर्षांचा तरुण उमेदवारी करावयास येतो. दोघांचें मन जुळतें. पण ती हें प्रेम लपवून ठेवते. पुढें शंका आणि घरच्यांचा विरोध यांमुळें तें तुटतें. ये लूमिंग नांवाचा वयानें, अनुभवानें व द्रव्यानें थोर असा गृहस्थ तिच्या आयुष्यांत येतो. आणि अखेरीस ती पुन्हा त्या तरुणाकडेच वळते.

एवढ्यावरून ही कथा सामान्यच वाटेल. तिची खरी किंमत पात्रांत आहे. फानशिंग ही बंडखोर नाहीं. लोकापवादास तुच्छ मानणारी तेजस्विनी रंगविणें लेखकास सोपें असतें. परंतु अशा स्त्रिया घरोघरीं आढळत नाहींत. फानशिंग ही घरोघरीं आढळणारी आहे. ती कामांत निष्णात, चारचौघांत मानलेली. पण वयाचा विषय निघाला कीं तिचा धीर सुटतो. आपण चाळिशींत जाऊं तेव्हां हा केवळ तिशींत असेल, हा हिशेब तिच्या मनांत सारखा चाललेला असतो. प्रियकर तिला वयाविषयीं एक शब्दही बोलत नाहीं. बोलते ती स्वतःशींच. जगाचें मत स्वतःच्या तोंडून स्वतःस ऐकविणें हें जें मनुष्यस्वभावाचें दुर्दैव, तें या पात्रांत फार प्रामाणिकपणें उतरलें आहे.

हें काम करणारी सोंग छियेन ही नटी १९८७ सालीं जन्मलेली, म्हणजे भूमिकेच्याच वयाची. आणि नायक सोंग वेइलोंग १९९९ सालचा. कथेंत अंतर दहा वर्षांचें, प्रत्यक्षांत बारांचें. तेव्हां कोणास रंगरंगोटीनें प्रौढ वा कोवळें करण्याची गरज पडली नाहीं.

दुसरें पात्र लूमिंगचें. रूढीच्या तराजूंत घातलें तर हाच सर्वोत्तम वर: सुसंस्कृत, स्थिर, संपन्न. लेखकानें त्यास खलपुरुष केलें नाहीं, हें विशेष. तो आधीं तिचा सल्लागार होतो आणि सल्ला देतां देतां हळूच तिला आपल्याकडे वळवितो. त्याच्या प्रत्येक वाक्यांत शहाणपण असतें. पण त्या शहाणपणांत तिच्या निर्णयास जागा नसते. भल्या माणसाच्या वडीलकीखालींही दुसऱ्याचें मन कसें आखडतें, हें ज्यांनीं एकत्र कुटुंबांत दिवस काढले आहेत त्यांस समजावून सांगावयास नको.

आतां या भीतीचें मूळ पाहूं. चिनी भाषेंत 'शंगन्यू' म्हणजे 'उरलेली स्त्री' असा शब्द आहे. साधारणतः सत्ताविशी उलटलेल्या सुशिक्षित अविवाहितेस तो लावितात. २००७ सालीं तेथील शिक्षणखात्यानें नव्या शब्दांच्या यादींत त्यास स्थान दिलें. शांघायच्या लोकोद्यानांत शनिवार-रविवारीं आईबाप जमतात आणि मुलामुलींचें वय, उंची, शिक्षण, पगार व घर यांची चिठ्ठी उघडलेल्या छत्रीवर लावून बसतात. तेथें तिशीपुढची मुलगी म्हणजे पडून राहिलेला माल! आणि गंमत अशी कीं, २०२० च्या खानेसुमारीप्रमाणें चीनमध्यें पुरुष स्त्रियांहून सुमारें साडेतीन कोटींनीं अधिक आहेत. गणितानें पाहतां उरणार ते पुरुष. पण नांव पडलें स्त्रियांस. कारण उघड आहे. वर हा वधूहून वयानें, शिक्षणानें व कमाईनें मोठाच हवा, या अटीमुळें खेड्यांतील गरीब तरुण एका टोंकास आणि शहरांतील शिकलेल्या मुली दुसऱ्या टोंकास उरतात. २०१३ सालीं तेथें सुमारें १ कोटी ३४ लक्ष विवाह नोंदले गेले. २०२४ सालीं सुमारें ६१ लक्षच. या उतारास कारणें अनेक असतील. परंतु जुन्या अटी नव्या मुलींस बसत नाहींत, हें त्यांतील एक खास.

आणि ही रूढी तरी सनातन कोठें आहे? पत्नी तीन वर्षांनीं मोठी म्हणजे घरांत सोन्याची वीट आली, अशा अर्थाची म्हण चीनमध्येंच आहे. उत्तरेकडील शेतकरी कुटुंबांत पूर्वीं कामास हात हवा म्हणून मुलाहून थोर सून मुद्दाम करीत. म्हणजे सोय होती तेव्हां वय आड आलें नाहीं; मुलीची स्वतःची निवड आली तेव्हांच तें आड आलें!

मालिकेंत दोषही आहे. नायक पुढें धनिकपुत्र निघतो. खरोखरीच निर्धन उमेदवार बत्तीस वर्षांच्या वरिष्ठ स्त्रीशीं लग्न करतो तर घरांत, कचेरींत काय झालें असतें, हा कठीण प्रश्न लेखकानें त्या संपत्तीच्या आडोशानें टाळला. २०२१ सालच्या दुसऱ्या एका मालिकेंत शन रुओशिन ही तेहतीस वर्षांची नायिका मोटारी बनविणाऱ्या कंपनींत कायद्याचें काम पाहते, आणि तिचा तरुण मदतनीस तिच्यावर अनुरक्त होतो. तेथेंही आईची लग्नाविषयींची घाई हें नायिकेचें मोठें संकट. एकंदरींत चिनी लेखकांस आईचें पात्र उत्तम साधतें. कारण ती दुष्ट नसून घाबरलेली असते.

आपल्याकडे याज्ञवल्क्यानें वधूच्या लक्षणांत 'यवीयसी', म्हणजे वरापेक्षां लहान, ही अट घातली आहे, हें शास्त्र जाणणाऱ्यांस विदित आहेच. पण त्याच अटीच्या आधारानें जरठ वरांच्या गळ्यांत कोवळ्या मुली बांधल्या गेल्या, आणि देवलांस १८९९ सालीं 'शारदा' नाटक रंगभूमीवर आणावें लागलें. वर वधूहून चाळीस वर्षांनीं मोठा असतां ज्या मंडपांत अक्षता पडल्या, तेथें वधू दहा वर्षांनीं मोठी असतां नाकें कां मुरडावीं, याचें उत्तर शास्त्रांत नाहीं. तें आपल्या संवयींत आहे.

प्रत्येक थोरल्या वधूचा संसार सुखाचाच होईल, असें आमचें म्हणणें नाहीं. दहा वर्षांचें अंतर हें अंतरच आहे. त्यांत प्रकृतीचे, अपत्यांचे, उतारवयाचे प्रश्न आहेत, आणि ते दोघांनीं मोकळेपणानें बोलले पाहिजेत. परंतु तें बोलणें त्यांचें असावें. तिशी उलटलेली मुलगी घरांत असेल तर तिच्या वयाचा उच्चार दिवसांतून किती वेळां होतो, हें वडीलधाऱ्यांनीं एकदां मोजून पाहावें. फानशिंग आपलें प्रेम लपविते तें पापबुद्धीनें नव्हे. घरांत तें बोलावयास जागा नाहीं म्हणून. जेथें मुलीस खरें बोलतां येतें, तेथें चूक झाली तरी ती सुधारतां येते. जेथें बोलतां येत नाहीं, तेथें कुंडली, वय व पगार सारें जुळूनही संसार अवघडलेलाच राहतो.